आरशापाशी वाजलेलं पाऊल

१

पाऊल ऐकू आलं, पण आरसा आलाच नाही.

पाऊलमावशी खुर्चीत ताठ झाली. सभागृहात सकाळचे अकरा वाजले होते, पडद्यावर मात्र मिट्ट काळोखाची गल्ली होती. चार वाजताच्या मोठ्या कार्यक्रमाआधीची ही चाचणी, त्यामुळे तीनशे खुर्च्यांवर माणसं इनमिन चार.

"थांबवा!" ती ओरडली. "काका, थांबवा ते!"

यंत्राची घरघर थांबली आणि दिवे लागले. पुढच्या रांगेतून तिची भाची धावत आली. ही भाची म्हणजे या चित्रपट-संग्रहालयाची प्रमुख, आणि गेले आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"काय झालं मावशी? छातीत दुखतंय का?"

"माझ्या छातीला काय धाड भरलीय? तुझ्या फिल्मला भोक पडलंय. आरसा कापलाय कुणीतरी."

चित्रपटांमध्ये पावलांचे आवाज काढण्यात मावशीचं उभं आयुष्य गेलं होतं. खडी, फरशी, लाकडी जिना, ओला रस्ता, काय म्हणाल त्यावरून ती चालली होती, तीही स्टुडिओतल्या चार फूट जागेत. या चित्रपटाला तिनं पावलं दिली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. नंतर चित्रपट हरवला. अठ्ठेचाळीस वर्षांनी परदेशातल्या एका संग्राहकाकडे त्याची एकुलती एक प्रत सापडली, आणि ती फक्त आजच्या दिवसापुरती इथे आली होती.

त्याची सुरुवात जुनी माणसं अजून एकमेकांना सांगत. एक गल्ली, एकच बल्ब. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, खाली झुकलेला. माणूस दिसत नाही, दिसतात फक्त त्याचे बूट. संगीत नाही. टक, टक, आणि मध्ये कुठेतरी नळाचा थेंब. बूट जिना चढू लागतात, कॅमेरा त्यांच्या मागोमाग चढतो, कुठेही न तुटता. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर भिंतीला भलामोठा आरसा आहे. कॅमेरा त्याच्यावरून सरकतो, आणि नेमकं तिथे बुटांच्या आवाजाखाली एक मऊ पाऊल वाजतं. अनवाणी. एकदाच. लगेच वरच्या बंद दारामागे फोन खणखणू लागतो आणि तो कुणीच उचलत नाही. आपण काय ऐकलं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात.

तिसऱ्या रांगेतून प्राध्यापक उठले. या सुरुवातीवर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि चारच्या कार्यक्रमाचे मुख्य वक्ते तेच होते. "बाई, आरसा नव्हे, फोन गेलाय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पहिली घंटी अर्धवट वाजली. जुनी प्रत आहे, तेवढ्या जागी झिजली असेल."

"फोनचं मलाही जाणवलं," चिरंजीव म्हणाले. हे त्या चित्रपटाच्या कॅमेरामनचे सुपुत्र. वय साठ, धंद्यानं दातांचे डॉक्टर, पण थोर बापाच्या मुलाला म्हातारपणीही लोक चिरंजीवच म्हणतात.

तेवढ्यात यंत्राच्या खोलीतून कार्बनकाका खाली आले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना चित्रपट दाखवले होते. पूर्वी यंत्रात कार्बनच्या कांड्या जळत, तेव्हापासूनचं हे नाव. त्यांच्या हातात कालचा तपासणीचा कागद होता.

"काल संध्याकाळी पहिलं रीळ मी इंच न् इंच बोटाखालून घातलं," ते म्हणाले. "जोड दोन. इथं लिहिलंय. आत्ता परत बघून आलो."

"मग?"

"तीन आहेत."

२

भाचीनं मावशीला रीळ गुंडाळायच्या खोलीत ओढत नेलं आणि दार लावून रडायलाच लागली.

"आईला काय सांगू मी?"

भाचीची आई म्हणजे मावशीची थोरली बहीण. थोरली त्या चित्रपटात कॅमेरामनची मदतनीस होती. जिन्याचं चित्रण ठरलं त्या दिवशी कॅमेरामन तापानं फणफणले होते. सेट एका दिवसाचा, नट एका दिवसाचा. थोरलीनं चपला काढल्या, कॅमेरा कमरेला घट्ट धरला आणि वाकून त्या बुटांच्या मागे अख्खा जिना चढली. वळणावर पायरी दिसेना म्हणून तिनं क्षणभर तोंड वर केलं आणि आरशात उमटली. जेमतेम नऊ फ्रेम. पडद्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्या निघून जातात. दिग्दर्शक म्हणाला, कुणाला दिसणार आहे, राहू दे.

राहिलं. नाव मात्र कॅमेरामनचं लागलं. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं थोरली सांगत आली आणि लोक हसत आले. दिग्दर्शक गेला, कॅमेरामन गेले, सांगायला कुणी उरलं नाही. गेल्या महिन्यात भाचीनं आईचं पत्र नव्या सभागृहाचं नाव ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवलं, तेव्हा प्राध्यापकांनी चष्मा पुसत एकच शब्द विचारला होता, "पुरावा?" आणि बाकीचे कुजबुजले होते की आईसाठी लेकीची खटपट चाललीय.

पत्रात आरशाचा उल्लेख नव्हता. मावशीनंच करू दिला नव्हता. म्हणाली होती, प्रत हातात येऊ दे, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला! आता कांकण होतं आणि आरसाच गेला होता.

"उद्या सकाळी प्रत परत जाणार," भाची डोळे पुसत म्हणाली. "तो माणूस ती तिजोरीत ठेवणार, पुन्हा कुणाला दाखवणार नाही. चार वाजता नव्या सभागृहाला कॅमेरामनचं नाव जाहीर होणार. आणि आई कालपासून कपडे काढून बसलीय, यातलं कुठलं नेसू म्हणून. माझ्या ताब्यातून तिचा पुरावा गेला, मावशी. मी तिला तोंड कसं दाखवू?"

थोरलीला आयुष्यभर सोसावं लागलेलं ते हसणं मावशीनं जवळून ऐकलं होतं, आणि आवाज विसरणं तिला कधी जमलंच नव्हतं. पण तिनं पदर खोचला.

"किती वाजले?"

"साडेअकरा."

"म्हणजे साडेचार तास. नऊ फ्रेम शोधायला साडेचार तास म्हणजे चैन झाली. काकांना बोलाव. आणि बाहेरच्या दोघांना म्हणावं, जेवल्याशिवाय जायचं नाही."

"मावशी, त्या आरशाचं आपल्या तिघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

"तेच तर," मावशी म्हणाली. "चौथा कोण?"

३

कार्बनकाकांनी उजेडाच्या काचेवर फिल्म आडवी पसरली. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय या खोलीत फिल्मला हात लावायचा नाही असा नियम होता, त्यामुळे बोटांचे ठसे वगैरे बात नव्हती. नवा जोड पारदर्शक पट्टीचा होता, केसभरही इकडचा तिकडे नाही.

"मावशी, तुमचा कान बरोबर," काका म्हणाले. "वळण आहे, आणि एकदम वरची पायरी. आरसा साफ गेला. बरोबर दोन सेकंदांचा तुकडा, दोन हात लांब."

"मग त्याच्याबरोबर माझं अनवाणी पाऊल का नाही गेलं? ते आरशाच्या अगदी सुरुवातीला आहे. मी ऐकलं ना! आणि फोन आरसा संपता संपता वाजतो, तो का अर्धा गेला?"

काका हसले. "कारण फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. यंत्रात उजेड आधी चित्रावर पडतो; आवाज वाचायची जागा तिथून वीस फ्रेम खाली. म्हणून आवाज वीस फ्रेम आधीच छापून ठेवतात. आरशाच्या पहिल्या सेकंदाचा आवाज आरशाशेजारी नाहीच, तो आधीच्या पायऱ्यांशेजारी बसलाय. चोरानं चित्र बघून कापलं. पाऊल मागं राहिलं आणि पुढच्या फोनची घंटी त्याच्यासोबत गेली."

"म्हणजे डोळ्यानं चोरी केली आणि कानानं चुगली केली." मावशी खूश झाली. "ही चूक तुम्ही कराल?"

"मी? झोपेतसुद्धा नाही. रोज त्या वीस फ्रेम सोडून फिल्म चढवतो मी."

"आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याला असा जोड जमेल?"

"दहा जन्मांत नाही."

"मग हात तयार, पण सवय वेगळी." मावशी स्वतःशीच बोलत होती. "संकलकाच्या टेबलावर काय असतं? चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी, दोन्ही समोरासमोर. जिथे दिसतं तिथेच ऐकू येतं. तिथे शिकलेला हात घाईत असाच कापणार."

भाची वैतागली. "पण इथे संकलक कोण आहे? एक दातांचा डॉक्टर, आणि एक ज्यांनी जन्मात फिल्मला हात लावला नाही असे प्राध्यापक. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे, 'मी हा चित्रपट थिएटरात एकदाच पाहिला.'"

काकांनी भिंग जोडावर धरलं होतं. ते एकदम आणखी खाली वाकले.

"हे काय असावं?" त्यांनी भिंग मावशीकडे दिलं.

जोडाच्या अलीकडच्या फ्रेमवर, कडेला, नखाएवढा पुसट डाग होता. ओलसर काहीतरी टेकून सुकल्यासारखा, आणि त्यात बारीक बारीक उभ्या रेघा. मावशीनं तो डाग पाहिला, आरशात पाहावं तसा स्वतःचा खालचा ओठ चिमटीत धरून पाहिला, आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की भाची दचकली.

"काका, सकाळी ही खोली उघडी होती?"

"नऊ ते दहा. मी वर यंत्र पुसत होतो. दोघंही खाली येऊन गेले, मी पावलं ऐकली."

"एकेकाला पाठवा. मी जरा गप्पा मारते."

४

चिरंजीव आधी आले आणि बसायच्या आत म्हणाले, "मी आलो होतो इथे. खोटं कशाला बोलू?"

"हातमोजे घातले होते?"

"घातले होते. डबा उघडला, रीळ पाहिलं, परत ठेवलं. बाबांच्या हातचं काम एकदा जवळून पाहावंसं वाटलं." त्यांची बोटं लांबसडक आणि स्थिर होती. अशा बोटांना केसभर बारीक जोड सहज जमला असता, असं भाचीच्या मनात आलं.

"आज तुमच्या वडिलांचं नाव लागणार," मावशी म्हणाली. "आनंद असेल."

"एक गोष्ट मला कधी कळली नाही," चिरंजीव म्हणाले. "घरी कुणी या सुरुवातीची तारीफ काढली की बाबा उठून गच्चीत जायचे. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाची करा, ते तासभर बोलायचे. ही काढली की गच्ची. मी समितीत हे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

मावशीनं त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं आणि त्यांना चहा पाजून पाठवून दिलं.

प्राध्यापक आले ते हातात स्वतःचं पुस्तक घेऊनच. खुर्चीवर बसताना त्यांनी कोटातून चष्म्याचं घर काढलं, टेबलावर ठेवलं, आणि चष्मा मात्र शर्टाच्या खिशातून काढून डोळ्यांवर चढवला. घर टेबलावर टेकलं तेव्हा थप झालं. मावशीच्या कानानं त्या आवाजाची नोंद आपोआप घेतली, दुसऱ्या माणसाचा डोळा घड्याळाची घेईल तशी.

"या खोलीत आला होता सकाळी?"

"दारातून डोकावलो फक्त. यंत्रांमधलं मला काय कळतं? मी प्रेक्षक माणूस."

"भाग्य आमचं. मला सांगा सर, या सुरुवातीची भीती वाटते ती कशामुळे?"

कळ दाबली की दिवा लागावा तसे प्राध्यापक सुरू झाले. "कमी दाखवल्यामुळे! कॅमेरा आपल्याला चेहरा देत नाही, फक्त बूट देतो. बल्ब एकच ठेवतो, म्हणजे सावली माणसापेक्षा मोठी होते. आणि शॉट तोडत नाही, म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला फट मिळत नाही."

"आणि आवाज?"

"आवाज न दिसणारी जागा भरतो. ते अनवाणी पाऊल! मी लिहिलंय, ती शहराची सदसद्विवेकबुद्धी आहे."

"अगंबाई!" मावशी म्हणाली. "मी तर ओल्या फरशीवर माझी टाच आपटली होती. पण एवढं खरं, भीती आवाजात नसते. दोन आवाजांच्या मध्ये जी गप्प जागा असते ना, तिथे ती बसलेली असते. पुस्तक बघू जरा?"

प्राध्यापक आनंदानं पुस्तक ठेवून गेले. मावशीनं दुपारचं जेवण सोडून सुरुवातीवरची चाळीसच्या चाळीस पानं वाचली. नळ होता, बल्ब होता, कठड्याची तुटलेली दांडी होती, भिंतीवरचा उडालेला पोपडा कुठल्या पायरीशी आहे तेसुद्धा होतं. तिनं पुस्तक मिटलं.

"बाळ," ती भाचीला म्हणाली, "थिएटरात एकदाच पाहिलेला पोपडा तुझ्या किती वर्षं लक्षात राहील?"

"एक दिवससुद्धा नाही."

"आणि ज्याला पोपडा आठवतो, त्याला माणसाएवढा आरसा आठवत नाही? चाळीस पानांत आरशाबद्दल अवाक्षर नाही गं. एकही."

५

अडीच वाजता मावशीनं सगळ्यांना रीळ गुंडाळायच्या खोलीत जमवलं. मोठा दिवा तिनं मुद्दाम बंद ठेवला होता. सगळ्यांच्या हातात पांढरे मोजे होते.

"काकांचे एकट्याचे हात पुरत नाहीत," ती म्हणाली. "यंत्रावर चढवायला कोरे तुकडे हवेत. प्रत्येकानं एकेक घ्या, आणि कुठली बाजू सुलटी, कुठली उलटी, तेवढं बघून त्यांच्या हातात द्या."

काकांनी आपला तुकडा तिरका करून कोपऱ्यातल्या मंद दिव्याकडे धरला. एक बाजू चकाकली, दुसरी नाही. "ही," म्हणाले. एवढंच.

चिरंजीवांनी तुकडा चार वेळा उलटापालटा केला. "मला दोन्हीकडून सारखाच दिसतो," ते ओशाळून म्हणाले. "दात असता तर सांगितलं असतं."

मावशी प्राध्यापकांकडे वळली. "आणि सर, ते राहिलंच. प्रेक्षकाला जिन्यावर श्वास घ्यायला फट मिळत नाही म्हणालात, मग शेवटी दार उघडतं तेव्हा काय होतं?"

"दार उघडणं ही सुटका नाहीच मुळी," प्राध्यापक रंगात येऊन म्हणाले, "ती फसवणूक आहे, कारण आतही काळोखच असतो..." बोलता बोलता त्यांनी फिल्मचा तुकडा उचलला, सहज खालच्या ओठाला टेकवला, किंचित चिकटला तसा सोडवला, आणि काकांपुढे धरला. "ही बाजू वर. तर मी काय म्हणत होतो..."

ते काय म्हणत होते हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. सगळे त्यांच्या ओठाकडे बघत होते. काकांच्या हातातली फिरकी तेवढी करकरत थांबली.

"काय झालं?" प्राध्यापकांनी विचारलं. तुकडा अजून त्यांच्या हातातच होता.

६

"जुने संकलक," मावशी सावकाश म्हणाली, "दिवसभर मोज्यांतल्या हातांनी काम करायचे. मोज्यातून बोटाला बाजू कळत नाही. मग तुकडा ओठाला लावायचा. चित्राची बाजू चिकटते, दुसरी घसरते. पुस्तकात हे नसतं सर. हे त्या टेबलावर बसूनच ओठाला लागतं, आणि एकदा लागलं की जात नाही. तुम्ही प्रेक्षक कधीच नव्हता. या चित्रपटाच्या संकलकाकडे मदतनीस होता."

"मूर्खपणा आहे हा!"

"पोपडा कुठल्या पायरीशी ते तुम्हाला माहीत, कारण तुम्ही तो जिना फ्रेम फ्रेम करून पाहिलाय. आणि आरशावर गप्प, कारण त्या आरशात कोण आहे तेही तिथेच पाहिलंत. आज सकाळी आरसा कापलात. हात जुना, सवय टेबलाची. आवाज वीस फ्रेम आधी छापलेला असतो हे घाईत विसरलात. माझं पाऊल मागे राहिलं आणि मला सापडलं. शिवाय जोडाशेजारी तुमचा ओठही राहिलाय."

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला, पण जिभेला सवय होती. "पुरावा?"

हा शब्द ऐकण्यासाठी मावशी महिनाभर थांबली होती.

"पुरावा तुमच्या कोटात आहे. चष्म्याचं घर रिकामं असलं की टेबलावर टक वाजतं. तुमचा चष्मा शर्टाच्या खिशात होता, म्हणजे घर रिकामं. तरी ते थप वाजलं. आत काहीतरी मऊ, गुंडाळलेलं आहे. काढता, का मी काढू?"

मग प्राध्यापकांनी कोटात हात घातला आणि घर उघडून टेबलावर ठेवलं. आत काळी, चकचकीत गुंडाळी होती, दोन हात लांबीची.

"फेकवेना," ते म्हणाले. आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "जाळायला घेतलं होतं. पण फिल्मचा तुकडा फेकायचा नाही असं आम्हाला शिकवलं होतं. वीस वर्षांचा होतो. संकलक म्हणाले, पाहिलंस ते विसर. मी विसरलो. मग पुस्तक लिहिलं, त्याची दुसरी आवृत्ती निघाली, मग तिसरी. त्यानंतर आठवायला जागाच राहिली नाही."

भाची पुढे झाली. तिनं गुंडाळी उलगडून उजेडाच्या काचेवर धरली, भिंग लावलं, आणि दोन्ही हात तोंडावर नेले. मावशीनं वाकून पाहिलं. काळोख्या जिन्यावर, केस विस्कटलेली, कमरेला कॅमेरा घट्ट धरलेली, तोंड अर्धवट उघडं, अनवाणी, अशी तिची थोरली उभी होती. अठ्ठावीस वर्षांची. एक नाही, दोन नाही, नऊ वेळा.

मावशी रडली, आणि तिनं ते लपवलं नाही.

"तीन वाजले," कार्बनकाका खाकरून म्हणाले. "द्या इकडे. तुकडा परत बसवतो. आता जोड चार होतील, पण माझ्या कागदावर मी खुशीनं लिहीन."

"पोलिसांना बोलवणार का?" प्राध्यापकांनी विचारलं.

भाचीनं डोळे पुसले आणि ती संग्रहालयाची प्रमुख झाली. "ते नंतर बघू. चार वाजता माईक तुमच्या हातात आहे सर. काय बोलायचं ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. फक्त या वेळी आरसा गाळू नका."

७

थोरली पावणेचारला आली. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसताना तिनं लेकीला विचारलं, "डोळे का सुजलेत गं तुझे? झोपत नाहीस वेळेवर," आणि धाकटीला म्हणाली, "तू कशाला एवढी हसतेयस?"

तीनशे खुर्च्या भरल्या होत्या. प्राध्यापक मंचावर आले. त्यांनी पुस्तक उंच धरलं.

"यात चाळीस पानं या चित्रपटाच्या सुरुवातीवर आहेत," ते म्हणाले, "आणि ती खोटी आहेत. हा शॉट ज्यांनी घेतला असं मी लिहिलं, ते त्या दिवशी तापानं अंथरुणात होते. हे मला तेव्हाही माहीत होतं. आज सकाळी मी ते कायमचं लपवायचा प्रयत्न केला. ज्यांनी हा शॉट घेतला, त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत."

पडद्यावर एक स्थिर चित्र आलं. भाचीनं तासाभरापूर्वी त्या काचेवरूनच त्याचा फोटो काढला होता. वीस फूट उंच थोरली, विस्कटलेल्या केसांची, हातात कॅमेरा.

सभागृहात आधी कुजबुज झाली, आणि मग मागच्या रांगांपासून पुढच्या रांगांपर्यंत लोक टाळ्या वाजवत उठू लागले. टाळ्यांचा तो आवाज मावशीनं डोळे मिटून ऐकला. जन्मभर तिनं खोटे आवाज खरे करून दिले होते. हा आवाज कुणीही केलेला नव्हता.

चिरंजीव मंचावर चढले. समितीची माणसं एकमेकांकडे पाहू लागली, पण त्यांनी कुणाला विचारलं नाही. "या सुरुवातीची कुणी तारीफ केली की बाबा उठून गच्चीत जायचे," ते म्हणाले. "का, ते मला आज कळलं. नव्या सभागृहाच्या पाटीवर त्यांच्या शेजारी या बाईंचं नाव लागलं पाहिजे. जागा पुरेल. नाही पुरली, तर बाबा सरकतील."

यावर तर लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. समितीच्या अध्यक्षांनीही उठून टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतात कुणाला!

थोरली मात्र बसूनच होती. तिनं एकदा पडद्यावरच्या मुलीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि शेवटी धाकटीचा हात घट्ट धरला.

"केस तरी नीट करायचे होते मी त्या दिवशी," ती म्हणाली.

दिवे विझले. काळोखी गल्ली आली, एकुलता बल्ब आला. टक. टक. नळाचा थेंब पडला. बूट जिना चढू लागले आणि कॅमेरा त्यांच्या मागे निघाला. तीनशे माणसांनी श्वास रोखला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर आरसा चमकला, आणि बुटांच्या आवाजाखाली, अगदी हलकेच, ते अनवाणी पाऊल वाजलं.

आणि सगळं सभागृह पडदा सोडून पहिल्या रांगेकडे वळलं. कुणी वाकून, कुणी खुर्चीवरून अर्धवट उठून, सगळे थोरलीकडे पाहत राहिले.

थोरलीनं मागे वळून सगळ्यांवर डोळे वटारले.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "समोर बघा, फोन वाजतोय!"